सही तिची, शुद्धिपत्र माझं

भाषांतराच्या शेवटच्या पानावर एक ठरलेला मजकूर असतो. हे भाषांतर मूळ कागदाशी पूर्ण आणि अचूक जुळतं असं मी प्रमाणित करते, अशा अर्थाचा. त्याखाली सही, सहीखाली नाव. गेल्या दिवाळीनंतर त्या जागी तिचं, माझ्या मैत्रिणीचं, नाव येऊ लागलं. भाषांतर माझं, नाव तिचं. पहिल्यांदा ते पान स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि मोरीत जाऊन होती नव्हती ती सगळी भांडी घासली. त्या दिवशी भांड्यांची पाळी खरं तर आप्पांची, माझ्या वडिलांची, होती.

काम काय ते आधी सांगते, कारण महाडमध्ये ते कुणाला सांगून पटत नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या कोर्टांचे कागद आम्ही इंग्रजीत करतो. निकाल, आदेश, जबान्या, नोटिसा. पुण्यातली एक संस्था परदेशी वकिलांकडून हे काम घेते आणि आमच्यासारख्या पाचसहा जणांना घरबसल्या वाटून देते. पक्षकार कोण, देश कुठला, हे बाहेर सांगायचं नाही असं आम्ही लिहून दिलंय, म्हणून इथेही सांगणार नाही. भाषांतर करणाऱ्याला संस्थेत पहिला हात म्हणतात आणि तपासणाऱ्याला दुसरा हात. सही दुसऱ्या हाताची. मी चार वर्षं पहिला हात होते. दुसऱ्या हाताची जागा रिकामी झाली तेव्हा ती मलाच मिळणार असं मी धरून चालले होते. मिळाली तिला. आणि तिला स्पॅनिशचा पहिला शब्द मी शिकवला होता, आमच्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर, आप्पांच्या पत्रकांचे गठ्ठे बाजूला सारून.

सहीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. आमच्या घरात सगळं सहीवरच चालायचं. आप्पा वरंधच्या बाजूला शाळामास्तर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. पाण्यावर, गायरानावर, शिष्यवृत्तीच्या अर्जांवर, औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांच्या हातमोज्यांवर. दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं जमतात तेव्हा आठ पानांची एक पुस्तिका ठरलेली. मी वाचायला शिकले ती याच कागदांवर. इतर मुलांना झोपताना गोष्टी सांगत असतील, मला मागण्या सांगितल्या जायच्या, एक ते सात, क्रमाने. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी आप्पांचं पूर्ण नाव, गाव, छापणाऱ्याचं नाव. "नाव नसलेला कागद म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड," असं ते म्हणायचे. ज्याच्यामागे आपण उभे राहू शकतो तेच छापायचं आणि उभे आहोत हे खाली लिहायचं. त्यामुळे जिथे माझे शब्द होते आणि खाली दुसऱ्याचं नाव होतं ते पान मला चोरीचा माल वाटायचं. ते चोरीचं नव्हतं, संस्थेचा नियम होता, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

आणखी दोन गोष्टी मी त्या घरात शिकले. एक, कापणं. पुस्तिका आठ पानांची म्हणजे आठच पानांची. मजकूर दोन ओळींनी जरी नवव्या पानावर गेला तरी कागदाची घडी बिघडते, म्हणून काहीतरी गाळायचं. आप्पा स्वतःचं लिहिलेलं गाळू शकत नसत, त्यांना प्रत्येक शब्दाचा लळा. मग ते काम माझ्याकडे आलं. दहाव्या वर्षापासून मी आप्पांची वाक्यं कापत आले आहे आणि त्यात माझा हात बसलाय. एकदा सांगून झालेलं पुन्हा आलं की काप, हा माझा नियम. दुसरी गोष्ट म्हणजे वाचन. छापायला जाण्याआधी आप्पा मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचत आणि मी छापील प्रतीवर बोट ठेवून बसे. एक वाक्य झालं की मी म्हणायचं, "आहे." मग पुढचं. सापडलं नाही तर गप्प बसायचं. गप्प बसलं की आप्पा थांबत.

ती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीतली. घरी म्हशी, शेरडं, उतारावर नाचणी-वरी. महाडच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पदवीनंतर मी पुण्याला स्पॅनिश शिकायला गेले आणि ती पोलादपुरात एका वकिलाकडे टायपिंगला लागली. मी परत आले तेव्हा तिने विचारलं, "मला पण शिकवशील काय गो?" मी शिकवलं, दोन वर्षं, दर बुधवारी. मी स्पॅनिश घेतली ती तिकडच्या कामगारांची पत्रकं मुळातून वाचायला मिळावीत म्हणून. तिने घेतली ती टायपिंगपेक्षा बरं काम मिळावं म्हणून. माझं कारण मोठं होतं आणि स्पॅनिश तिचं चांगलं झालं. हा हिशोब मला आजतागायत सुटलेला नाही.

वाचनाची पद्धतही तिला मीच दिली. आम्ही दोघी संस्थेत पहिला हात होतो तेव्हा एकमेकींची भाषांतरं अशीच तपासायचो. एकीने स्पॅनिश मोठ्याने वाचायचं, दुसरीने इंग्रजीवर बोट ठेवून "आहे" म्हणायचं. ती म्हणायची "हाय". पहिल्या बुधवारी मी तिला सुधारलं होतं. ती म्हणाली, "वाक्य हाय ना तिथं? मग झालं." नंतर मी नाद सोडला.

मत्सर नेमका कधी सुरू झाला ते मला सांगता येतं. एका फौजदारी खटल्याच्या कागदात 'कारेओ' हा शब्द आला होता. माझ्या वाट्याचा कागद. मी सरळ क्रॉस एक्झामिनेशन लिहून मोकळी झाले. बुधवारी वाचताना ती त्या शब्दावर अडली.

"ह्यात वकील कुठं हाय?" तिने विचारलं.

"उलटतपासणी आहे. वकील असणारच."

"नाय गो. बघ ना. हा एक सांगतो, तो दुसरं सांगतो. मग दोघांना आमनेसामने उभं करून बोलाया लावलंय. जज ऐकतोय. आमच्या गावकीत हेच करतात. माझ्या चुलत्याला नि खालच्या घरवाल्याला बांधावरनं असंच बसवलेलं."

"गावकी आणि कोर्ट यांत फरक आहे."

"हाय ना. गावकीत चाय देतात."

मी हसले नाही. संस्थेला विचारलं, तर तिचंच बरोबर निघालं. आमच्या सामायिक शब्दसूचीत त्या शब्दापुढे तिने सुचवलेला अर्थ चढला आणि अर्थापुढे तिच्या नावाची आद्याक्षरं. माणसांना वाळीत टाकणाऱ्या गावकीला मी आयुष्यभर विरोध केला. कॉलेजात असताना गावकीच्या विरोधात एक पत्रक लिहिलं होतं, त्यातल्या एकाही शब्दाची मला आजही लाज वाटत नाही. आणि त्या गावकीतून ती एक शब्द उचलून आणते आणि परदेशातल्या कोर्टात तो बरोबर बसतो. मग असे शब्द वाढत गेले. ज्या वकिलाकडे ती टाईप करायची तिथे तिने शेकडो आदेश टाईप केले होते. दावा निकाली निघणं वेगळं, काढून टाकणं वेगळं, तहकूब होणं वेगळं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. मला कायद्यातलं ठाऊक होतं ते न्याय आणि अन्याय. पत्रकाला तेवढं पुरतं.

ती कोरडी आहे, असं मी स्वतःला समजावायचे. कुणाचा छळ झाला, कुणाला कामावरून काढलं, ती सगळं एका सुरात वाचते, तिला काही वाटत नाही. मला वाटतं, म्हणून मी खरी. जिला वाटत नाही तिच्या हाताखाली जिला वाटतं तिने काम करायचं, ही व्यवस्थाच उफराटी आहे. अशी वाक्यं मी मनात तयार करायचे आणि ती मला आवडायची.

तिला जागा मिळाल्यावर मी बुधवार बंद केले. कारणं सांगितली: आप्पांची तब्येत, कामाचा भार. आप्पा ठणठणीत होते, त्याच आठवड्यात त्यांनी नगरपालिकेला तीन अर्ज दिले होते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका बाईचा कागद माझ्याकडे आला. एकतीस पानांचा निकाल. कापड रंगवायच्या कारखान्यात ती कामाला होती. पिंपाचं झाकण उडून दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तिने भरपाईचा दावा लावला आणि कोर्टाने तो फेटाळला. कारखान्याचे मालक इंग्रजी बोलणाऱ्या देशातले, म्हणून आता तिथल्या कोर्टात ती पुन्हा उभी राहणार होती आणि तिथे हा निकाल इंग्रजीत द्यायचा होता. वकिलांनी सोबत दोन ओळी धाडल्या होत्या. जुन्या कोर्टाने बाईला खोटं ठरवलेलं नाही, दावा चुकीच्या कोर्टात लागला एवढंच म्हटलंय, आणि हे इथल्या न्यायाधीशांना स्वच्छ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर समोरचे म्हणतील, हा निवाडा एकदा झालाय, आता काय उरलंय?

हा कागद आपलाच आहे असं मला वाटलं. आमच्या घरासमोरून औद्योगिक वसाहतीच्या पाळीच्या बसेस जातात, त्यांतून उतरणाऱ्या माणसांचे हात मी लहानपणापासून पाहिलेत. आप्पांचं हातमोज्यांवरचं पत्रक मी सातवीत असताना घरोघर वाटलंय. मी सहा दिवस त्या एकतीस पानांवर बसले. इतकं चोख करायचं की दुसऱ्या हाताला कुठे बोट ठेवायला जागाच राहू नये. सही करताना तिला कळलं पाहिजे की ती फक्त सही करतेय.

अशा निकालात एकच गोष्ट तीनतीनदा येते. आधी हकिकतीत, मग कारणांत, शेवटी आदेशात. 'से देखान आ साल्वो लोस देरेचोस' असं एक वाक्य होतं. अर्थ असा की वादी बाईचे हक्क सुरक्षित ठेवले आहेत, योग्य त्या मार्गाने आणि योग्य त्या रीतीने तिला ते पुन्हा मागता येतील. साच्यातलं वाक्य आहे, तिकडच्या निकालांत सर्रास सापडतं. पहिल्या दोन ठिकाणी मी ते नीट लावलं. भाषांतराची पानं मूळ पानांना जुळती ठेवायची, असा संस्थेचा आग्रह असतो. मूळ एकतीस तर भाषांतरही एकतीस. शेवटच्या पानावर माझं इंग्रजी दोन ओळींनी खाली घसरलं आणि बत्तिसावं पान उघडलं. दोन ओळींसाठी कोरं पान. माझ्या हाताने, मला न विचारता, जे वीस वर्षं केलं तेच केलं. दोनदा येऊन गेलेलं वाक्य तिसऱ्यांदा आलं होतं. ते कापलं. पानं एकतीस झाली. मला बरं वाटलं.

तिचा फोन आला.

"बुधवारी येऊ का? मोठा हाय कागद. वाचूया."

"मी वाचलंय."

"एकटीनं?"

"एकटीनं. तुला सहीच करायची आहे ना? कर."

तिकडे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. तिच्या पडवीत टेबल आहे आणि पडवीला लागून गोठा. संस्थेच्या मीटिंगमध्येही ती घंटा सगळ्यांना ऐकू येते, पुण्याची मंडळी तिला 'तुझं ऑफिस वाजतंय' म्हणतात.

"बरं," ती म्हणाली.

गुरुवारी तिने सही केली. कागद गेला. सोमवारी तो तिकडच्या कोर्टात दाखल व्हायचा होता.

शनिवारी सकाळी आप्पांची मार्चची पुस्तिका वाचायला घेतली. ते हस्तलिखित घेऊन खुर्चीत, मी छापील प्रत घेऊन जमिनीवर. ते वाचत होते, मी "आहे" म्हणत होते. शेवटच्या पानाच्या तळाशी आले. 'हे पत्रक कोणीही छापावं, वाटावं. परवानगी विचारू नये.' त्यांनी वाचलं आणि मी गप्प राहिले.

"झोपलीस?"

"गाळलंय ते. दोन ओळी जास्त होत होत्या."

"हेच सापडलं गाळायला?"

"आप्पा, ते दरवर्षी असतं. सगळ्यांना पाठ आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तळ्यावर लातूरहून एखादी बाई येणार. तिच्या हाती जन्मात माझं हे एकच पत्रक पडणार. तिला मागच्या वर्षीचं कुठून ठाऊक? ती घरी जाऊन शेजारणीला देईल, पण झेरॉक्स काढायला भिईल. तिच्यासाठी आहे ते वाक्य. तुझ्यासाठी नाही." मग त्यांनी पान उलटं धरून पाहिलं. "विशेषण गाळ माझं. पहिल्या पानावरचं 'धगधगता' गाळ. पोरं त्याला हसतात, मला माहीत आहे."

मी हो म्हणाले. आणि म्हणता म्हणता हातातला कागद खाली ठेवला.

लॅपटॉप उघडून एकतिसावं पान काढलं. इंग्रजीत आदेश असा होता: दावा फेटाळण्यात येतो. पुढे खर्चाबद्दल एक ओळ. पुढे न्यायाधीश, पुढे तिची सही. पूर्ण आणि अचूक. आदेशातलं ते एक वाक्य नव्हतं. वर कारणांत होतं, पण आदेशात जे नाही ते कोर्टाने दिलेलं नाही, एवढं तर मलाही कळायला लागलं होतं. कोणताही वकील आधी शेवटचं पान उघडतो. समोरच्यांचा वकीलही तेच करणार.

पुढे मी काय विचार केला तेही लिहिते, नाहीतर बाकीचं लिहायचा मला अधिकार नाही. त्या बाईचे हात मला आधी आठवले नाहीत. आधी जागा आठवली. सही तिची आहे. हे उघडकीला येईल तेव्हा संस्था तिला विचारेल, तुम्ही पूर्ण म्हणून लिहून दिलंत, मग हे काय? दुसऱ्या हाताची जागा रिकामी होईल. मला काही करायचं नव्हतं. फक्त सोमवार उजाडू द्यायचा होता. आणि शोधलं तर माझ्याजवळ तत्त्वसुद्धा होतं: ज्याची सही त्याची जबाबदारी, हे मी शेंबडी असल्यापासून ऐकत आलेय. आप्पांनी केलेला चहा माझ्यासमोर होता. त्यावर साय धरेपर्यंत मी हे सगळं नीट, मुद्देसूद, एक ते सात असं मनात मांडलं. आयुष्यात इतकं वाईट आणि इतकं व्यवस्थित मी काही लिहिलं नाही.

मग ती बाई आठवली. तिला इंग्रजी येत नसणार. तिच्यासाठी ठेवलेलं एक वाक्य महाडच्या एका पोरीने पान वाचवायला कापलं, हे तिला कधी कळणारही नव्हतं. हातमोज्यांचं पत्रक घरोघर वाटणारी ती हीच पोरगी.

मैत्रिणीला फोन लावला, तो वाजत राहिला. मी स्कूटर काढली.

"पत्रकाचं?" आप्पा म्हणाले.

"आल्यावर."

दुपारची पाळी भरायला निघालेल्या बसेस समोरून येत होत्या. पोलादपूर ओलांडून डोंगराची वाट धरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वाडीत पोचले तर तिची आई अंगणात सुपात वरी पाखडत होती.

"शेरडांकडं गेली ती. येल आता. बस गो," म्हणाली आणि ताकाचा ग्लास आणून दिला. या घरात पहिल्यांदा आले होते तेव्हा मी ग्लास निरखून पाहिला होता, घरातला आहे की वेगळा ठेवलेला. आमच्याकडे ते बघायला शिकवावं लागत नाही. घरातलाच होता, तिच्या भावाने लगेच त्यातून पाणी प्यायलेलं पाहिलं. त्या दिवशी मला खटकायला काहीच मिळालं नाही आणि आत कुठेतरी मला ते खटकलं होतं. हल्ली तर मला तिच्यात काही खटकणारं सापडलं असतं तर मी ते जपून ठेवलं असतं.

ती पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन आली. मला पाहून भारा टाकला.

"काय गो, सही बघाया आलीस?"

"हो," मी म्हणाले. "तुझ्या सहीच्या वरचं एक वाक्य मी कापलंय."

सगळं सांगितलं. पान कसं घसरलं, कसं कापलं, सकाळपासून किती वेळ बसून राहिले आणि बसून काय विचार केला. शेवटचं सांगायची गरज नव्हती. तिने हात-पाय धुतले, पदराला पुसले, पडवीत जाऊन लॅपटॉप उघडला. माझ्याकडे इंग्रजी प्रत सरकवली आणि स्वतः स्पॅनिश पहिल्या पानावर नेलं.

"शेवटच्या पानावर आहे ते," मी म्हणाले.

"एक गेलंय तर आणखी पण गेलं असंल. बोट ठेव."

एकतीस पानं. ती वाचत होती आणि मी "आहे" म्हणत होते. तिचा स्पॅनिश उच्चार माझ्यापेक्षा बरा झालाय. घशातून येणारा तो 'ख' मला पुण्यात तीन वर्षं घोकून साधला नाही, तिला सहज येतो. पाचव्या पानावर झाकण उडालं, आठव्यावर हात भाजले. एका सुरात वाचणारी ती, आठव्या पानाशी थांबली. मला वाटलं तिची ओळ सुटली.

"हाय की तिथं?" तिने विचारलं.

"आहे."

"माझा काका. वसाहतीत," ती म्हणाली. "असेच हात झालेले." आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं, त्याच सुरात. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मी तिला शिकवत होते.

एकतिसाव्या पानावर तिने ते वाक्य वाचलं. माझं बोट दोन ओळींच्या मधे होतं. गप्प बसायचा नियम होता, पण माझ्या तोंडून गेलं, "नाय."

दुसरं काही गळलेलं निघालं नाही. तीस पानं चोख होती, आणि त्याचा मला तिच्यासमोर, त्या वेळीसुद्धा, अभिमान वाटला.

"पत्र मी लिवते," ती म्हणाली. "सही माझी हाय."

"चूक माझी आहे."

"चूक तुझी. पण मी वाचलं नाय. तू नको म्हणालीस नि मला राग आला. म्हटलं, जाऊ दे, हिला एवढी हौस हाय तर. आणि वर लिवलं, पूर्ण." तिने टायपिंग सुरू केलं. थोड्या वेळाने, स्क्रीनवरून नजर न काढता, "तुला पायजे होती ना ती जागा?"

"होती."

"मला म्हायती होतं."

"मग?"

"मग काय? मला पण पायजे होती."

तिच्या आईने विचारलं, भाकरी टाकू का दोघींना, आणि आम्ही दोघी एकदम हो म्हणालो.

पत्रात तिने दोघींचं लिहिलं, एकीने गाळलं आणि दुसरीने तपासलं नाही. सोबत दुरुस्त केलेलं पान होतं आणि एक शुद्धिपत्र. वाक्य कुठे गळलं, कुणाकडून, आता कसं वाचावं. तिथे तिने पहिला हात एवढंच लिहिलं होतं. मी ते खोडून माझं पूर्ण नाव टाकलं.

"कशाला?" ती म्हणाली.

"आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"घे मग. तुला नाव पायजेच होतं."

हे ती हसत म्हणाली की नाही हे मी पाहिलं नाही.

पानं बत्तीस झाली. रविवारी संस्थेचं उत्तर आलं. दुरुस्त प्रत वेळेत वकिलांकडे पोचली होती, पहिली मागे घेतली होती. पत्र तिच्या नावे होतं, मला त्याची प्रत. तिच्या तत्परतेबद्दल आणि प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. इथून पुढे प्रत्येक मोठा कागद दोघींनी मोठ्याने वाचून तपासायची तिची पद्धत सगळ्यांनीच स्वीकारावी, असंही त्यात होतं. तिची पद्धत. मी ते दोनदा वाचलं आणि मोरीकडे बघितलं. भांडी नव्हती.

तिने लगेच संस्थेला कळवलं की पद्धत माझ्या घरची आहे. त्यामुळे तर आणखीच चिडायला झालं. चिडायलाही धड जागा ठेवत नाही ही बाई.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, काय होतं काल? मी सांगितलं, नावगाव वगळून.

"तुझं नाव कशावर आलं म्हणालीस?"

"शुद्धिपत्रावर."

"पूर्ण लिहिलंस?"

"पूर्ण."

"ठीक," म्हणाले आणि पुस्तिकेचं प्रूफ पुढे केलं. पहिल्या पानावरचा 'धगधगता' मी गाळला होता, त्यांनी तो पेन्सिलीने परत घातला होता. आम्ही शेवटी दुसरं एक विशेषण शोधून काढलं.

कारखान्यातल्या त्या बाईचं पुढे काय झालं ते आम्हाला कळणार नाही. आमच्याकडे कागद येतात आणि जातात. बुधवार पुन्हा सुरू झालेत. ती येते तेव्हा आप्पांशी आधी अर्धा तास बोलते, आप्पा तिला पत्रकं देतात आणि ती ती वाचते. गेल्या बुधवारी तिने त्यांच्या एका मागणीत चूक काढली, ती खरोखरच चूक निघाली आणि आप्पा खूश झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ." मी बघत होते. मग टेबलावरचे गठ्ठे बाजूला सारले, तिने स्पॅनिश काढलं, मी इंग्रजीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. शेवटच्या पानावर, सहीच्या जागी, तिचं नाव आधीच टाईप केलेलं होतं. ते मला दिसत होतं. तिने पहिलं वाक्य वाचलं आणि माझ्यासाठी थांबली.

"आहे," मी म्हणाले.